तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणात फिरायला कॅमेरा कोणता घ्यावा?

"काकू, फोटोग्राफी शिकायचीय. फिरताना न्यायला कॅमेरा कोणता घेऊ?"

हर्णैजवळच्या आमच्या घरी पाहुणे उतरायला लागल्यापासून हा प्रश्न मला दर हंगामात येतो. पडवीत चहा चाललेला असतो, माझ्या गळ्यात कॅमेरा दिसतो आणि विषय निघतो. कंपनीचं नाव सांगून मोकळं व्हायला मला आवडत नाही, कारण त्यात विचारणाऱ्याचे चाळीस-पन्नास हजार तरी जाणार असतात. मी आधी त्यांचा फोन मागते. मागच्या दोन प्रवासांतले बिघडलेले फोटो दाखवा म्हणते. बिघडले, तरी पुसवले नाहीत, ते.

गेल्या गणपतीत सांगलीहून आलेल्या एका मुलीने असे तीन दाखवले. पहिला रात्रीच्या जाखडी नाचाचा. अंगणात ट्यूबलाइट होती, गोल धरून नाचणाऱ्यांचे चाळ बांधलेले पाय म्हणजे नुसते पांढरे फराटे. दुसऱ्यात समोरच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला, तिळाएवढा. तिसऱ्यात तिची आजी पोफळीच्या आगरात उभी, चेहरा काळा आणि मागचं आभाळ पांढरंफटक. यावर उपाय म्हणून तिने फुल फ्रेम, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला, कॅमेरा घ्यायचं ठरवलं होतं.

मी तिला म्हटलं, पहिल्या फोटोत उजेड कमी पडलाय, दुसऱ्यात अंतर जास्त झालंय, आणि तिसऱ्याला कॅमेरा लागतच नाही. आजींना चार पावलं सरकवून आभाळ मागून काढलंस की झालं. उरलेल्या दोन्ही अडचणी लेन्सच्या आहेत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी लेन्स ठरवा, बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) मागाहून.

उजेडाचं आधी. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ किट लेन्स ३५ मिमीवर साधारण एफ/४.५ पर्यंत उघडते. (मिमीचा आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते.) ३५ मिमीची एफ/१.८ लेन्स त्याच्या सहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्सला शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, १/२० सेकंद उघडा ठेवावा लागतो, तिथे ही १/१२५ वर काम करते. जाखडीतला पाय १/२० ला पुसला जातो, १/१२५ ला बऱ्यापैकी ठरतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाला येत नाही. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, नाचणाऱ्याची हालचाल नाही. शिमग्यातली पालखी, मशालीच्या उजेडातलं नमन, खाली सिंधुदुर्गात गेलात तर दशावतार, माजघरात चुलीपाशी बसलेली माणसं, या सगळ्याला ही छोटी, हलकी लेन्स पुरते. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवर दीडपटीच्या हिशेबाने ती जवळजवळ ५० मिमीसारखं दाखवते, डोळ्याला सवयीचं वाटेल असं.

किट लेन्सला मात्र टाकाऊ म्हणू नका. दुकानात आणि ओळखीपाळखीत तसं सर्रास सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. १८ मिमीला अख्खी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मावते, ५५ ला माणूस मावतो, आणि दिवसाच्या कोकणात उजेडाला तोटा नसतो. पहिलं वर्ष तिच्यावरच शिका.

आता अंतर. सुवर्णदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक, त्यामुळे आता प्रत्येकाला तो जवळून हवा असतो. ५५-२०० किंवा तशा पल्ल्याची एक टेलिझूम (दूरचं जवळ आणणारी लेन्स) घेतलीत तर तटबंदीचे चिरे दिसायला लागतात. पण जा सकाळी. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला आहे, सकाळचं ऊन आपल्या पाठीवरून थेट तटावर पडतं. दुपारी दमट हवेचा पांढुरका पडदा मध्ये येतो आणि लेन्स जितकी लांब तितका तो जास्त जाणवतो. पैसे वाढवून तो हटत नाही. हिवाळ्यात बंदरावर उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांनाही हीच टेली लागते. वेळास-आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा आपण दोरीच्या अलीकडे उभे असतो, तिथेही तीच. फ्लॅश तिथे चालत नाही आणि चालूही नये. पिल्लं उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात.

बॉडीबद्दल माझा आग्रह एकच आहे, तिला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर हवा. भर दुपारी पुळणीवर मागचा पडदा आरशासारखा होतो, त्यावर काही दिसत नाही. बाकी सोनी, फुजी, कॅनन, निकॉन, कोणाचीही एपीएस-सी मिररलेस (आत आरसा नसलेली) चालेल. फक्त एकाचं माउंट (लेन्स बसते ती जागा) घेतलंत की पुढच्या लेन्सही त्याच माउंटच्या घ्याव्या लागतात, तेव्हा दुकानात बॉडीआधी त्या माउंटच्या स्वस्त लेन्सच्या किमती विचारा. बजेट कमी असेल तर वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या धाटणीचा कॅमेरा) बिनधास्त घ्या. घेताना लेन्समधून टॉर्चचा झोत आरपार सोडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

ते तंतू म्हणजे बुरशी, आणि आमच्याकडच्या हवेत हा प्रश्न कॅमेरा निवडण्याइतकाच मोठा आहे. माझी पहिली टेली मी एका पावसाळ्यात मऊ सुती कापडात गुंडाळून लाकडी कपाटात ठेवली होती, जिवापाड जपायची म्हणून. कापडाने दमट हवा धरून ठेवली. गणपतीच्या आधी बाहेर काढली तेव्हा पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला बुरशीची नक्षी उमटली होती. साफ करून आणली, पण काचेवरचा थर बुरशीने खाल्लेला होता, उजेडासमोर धरली की फोटो धुरकट येत. मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, एवढी व्यवस्था मी कायम ठेवते. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करायचं, परत घालायचं. चामड्याची कव्हरं डब्यात नकोत, ती स्वतःच ओल धरतात. तुम्ही पुण्याला राहत असाल तरी पावसाळ्यात इथून गेल्यावर हे करा.

खाऱ्या वाऱ्याचं थोडक्यात: संध्याकाळी बॉडी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. काचेवर वाळू असेल तर आधी ब्लोअरने उडवा, पुसलंत तर चरा पडेल. पुळणीवर लेन्स बदलू नका. एका लेन्सवरच दोन दिवस काढायचे असतील तर १८-१३५ सारखी लेन्स याच कारणासाठी मला जास्त पटते.

आणि एसीच्या खोलीत कॅमेरा ठेवून झोपू नका. मार्चमध्ये एक कुटुंब पहाटे उठून कासवं बघायला गेलं, गार पडलेला कॅमेरा किनाऱ्यावर बाहेर काढला आणि लेन्सवर वाफ धरली. पुसली तरी पुन्हा धरायची. ती ओसरेपर्यंत पिल्लं लाटेत गेलेली होती. आता रात्री मी पाहुण्यांना सांगते, बॅग बंद करून पडवीत ठेवा, कॅमेऱ्याला रात्रभरात बाहेरच्या हवेची सवय होऊ दे.

सांगलीच्या मुलीने वापरलेली बॉडी, किट लेन्स आणि ३५ मिमी घेतली. टेलीचे पैसे तिने राखून ठेवलेत. शिमग्याला येणार आहे, पालखी नाचवतात त्या रात्री.