नाशिकला, तीन दशांश सेकंदांसाठी

फेब्रुवारीत पुण्याहून पहाटे चारला निघालं की नारायणगाव, आळेफाटा अंधारातच मागे पडतात. चंदनापुरी घाटात झुंजूमुंजू होतं आणि सिन्नरला चहासाठी उतरलं की थंडी कानाला झोंबते. पंचवटी, त्र्यंबक या वेळी वगळलं होतं. दिंडोरी रस्त्याच्या बाजूला एका खासगी काँक्रीटच्या मैदानावर हौशी चालकांचा ट्रॅक डे, म्हणजे आपापल्या गाडीने वेळ लावून फेऱ्या मारण्याचा दिवस होता, आणि मला माझ्या स्विफ्टचा लॅप टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, कमी करायचा होता.

खरे रेसिंग ट्रॅक आपल्यापासून फार लांब. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचा करी, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट. टायर, पेट्रोल, सुट्ट्या असा सगळा हिशेब केला तर नोकरदार माणसाला तिथे वरचेवर जाणं परवडत नाही. म्हणून मोठं मैदान, केशरी कोन मांडून आखलेला रस्ता आणि सुरुवातीच्या-शेवटच्या रेषेवर वेळ मोजणारे बीम. एका वेळी मैदानावर एकच गाडी. कोन पडला की दोन सेकंदांचा दंड.

आधी तपासणी. स्टेपनी, जॅक, मॅट, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा बाहेर. चाकांचे नट, बॅटरीचा क्लॅम्प, हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ही तपासणी कडक असते तिथेच मी जातो. ब्रेकच्या पॅडलखाली घरंगळत आलेली एक बाटली पुरते.

सकाळी आठला काँक्रीट बर्फासारखं गार होतं. गार हवा इंजिनाला मानवते, टायरला नाही. रबर तापेपर्यंत पकड येत नाही. निफाडचे एक द्राक्ष बागायतदार स्वतःची पोलो घेऊन आले होते. म्हणाले, "या थंडीत आमच्याकडे मणी तडकतात. घाई करू नका भाऊ, ऊन येऊ द्या." पहिल्या फेऱ्या त्यांनी नुसत्या टायर तापवण्यासाठी मारल्या, वेळेकडे बघितलंही नाही.

अंबड एमआयडीसीत लेथवर काम करणारे एक काका प्रत्येकाच्या गाडीपाशी खडू घेऊन फिरत होते. टायरच्या कडेवरून, बाजूच्या भिंतीपासून नक्षीपर्यंत, तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा ओढायच्या. फेरी मारून आलं की वाकून बघायचं: रेघ कुठपर्यंत पुसली? भिंतीपर्यंत पुसली असेल तर वळणात टायर दुमडतोय, हवा वाढवा. कडेपाशी रेघ तशीच राहिली असेल तर हवा जास्त आहे, थोडी सोडा. टायर तापला की आतली हवा फुगते, त्यामुळे सकाळी ३२ भरलेली हवा दहा वाजता ३२ राहत नाही. काका दर फेरीनंतर गेज लावून आकडा वहीत लिहून देत होते. माझ्या पुढच्या डाव्या टायरची रेघ पार भिंतीवरच्या अक्षरांपर्यंत पुसली गेली होती. "दोन वाढवू," एवढंच म्हणाले आणि पंप घेऊन खाली बसले. आयुष्यभर मायक्रॉन मोजलेल्या माणसाचं लक्ष असं असतं.

माझा आधीचा उत्तम आकडा ५२.८ सेकंद. त्यातून निदान तीन दशांश कमी करायचे होते. आता ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, म्हणजे तीन दशांश सेकंद म्हणजे पाच मीटर. एवढं अंतर एका फेरीतून काढायचं कुठून? सरळ पट्ट्यावर ते मिळत नाही, तिथे सगळेच ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात. ते मिळतं लांबलचक उजव्या वळणावर.

त्याचं उत्तर मला कॉलेज रोडच्या एका दंतवैद्य ताईंच्या शेजारच्या सीटवर बसून मिळालं. त्यांची आय-ट्वेंटी माझ्या गाडीहून जड, तरी त्या ५१ च्या आत येत होत्या. टायरची किंचाळी नाही, धक्का नाही. नजर जवळच्या कोनवर कधीच नाही, ती आधीच वळणाच्या शेवटी पोचलेली. ब्रेक सरळ रेषेत जोरात, मग वळायला लागताना पाय हळूहळू वर. "गाडी नाक खाली घालते ना, तेव्हा वजन पुढच्या चाकांवर असतं," त्या फेरीनंतर म्हणाल्या. "तेवढ्यात वळवायची. ब्रेक झटक्यात सोडला की नाक वर येतं, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी बाहेरच जाते."

पुढच्या फेरीला मी ब्रेक थोडा आधी लावला, पाय सावकाश उचलला आणि आतल्या कोनची वाट बघत थांबलो. ती वाट बघणं अवघड असतं, कारण मैदानावर प्रत्येक क्षण वाया गेल्यासारखा वाटतो. पण कोन आला तेव्हा स्टिअरिंग सरळ होत होतं आणि ॲक्सिलरेटर नेहमीपेक्षा बराच आधी दाबता आला. फळ्यावर लिहिलं गेलं ५२.१. त्यानंतर एकदा ५१.९. काकांनी दुरूनच वही हलवून दाखवली.

फेऱ्या संपल्या की एक चक्कर ब्रेक न लावता सावकाश मारायची आणि गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाखाली दगड ठेवायचा. तापलेले पॅड चिकटू शकतात. माझ्या चाकांतून जळका वास येत होताच. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना निकषाप्रमाणे किमान २३० अंशांना उकळतं, पण ओलावा शोषून जुनं झालं की तो आकडा १५५ पर्यंत उतरतो. उकळलं की आत वाफ होते आणि पॅडल मऊ पडतं. घाटात हे व्हावं असं कुणालाच वाटणार नाही.

वेगाची हौस हायवेवर भागवणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की एकदा मैदानावर या. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, हे पुस्तकातलं वाक्य इथे पाडलेल्या कोनांवरून समजतं, आणि कोनच्या जागी कुणी शाळकरी पोर नसतं. परतीला सिन्नर-संगमनेर मी ऐंशीच्या वर गेलो नाही, जावंसंही वाटलं नाही.

त्याआधी सगळे मिळून काळ्या मसाल्याची मिसळ खायला गेलो, सोबत पापड आणि दही. टेबलावर वह्या उघडून आकड्यांची वाटाघाट दुपारी तीनपर्यंत चालली. बागायतदारांना द्राक्ष काढणीमुळे आता एप्रिलपर्यंत सवड नाही. पुढचा ट्रॅक डे त्यांच्या सोयीने ठरेल. तोवर मला ब्रेक ऑइल बदलायचं आहे, आणि ताईंचं म्हणणं आहे की डाव्या वळणावर अजून चार दशांश पडून आहेत.