ओलं फडकं

आमच्या गाडीला एसी नाही, पण एसी पंप आहे. हे वाक्य मी आजवर शंभरेक जणांना ऐकवलं असेल. नव्वदनंतर जन्मलेल्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. एसी पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून ते हवेत मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरकडे पाठवणारा, इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी आवळलेला पेरूएवढा पंप. जुना मिस्त्री त्याला याच नावाने ओळखतो. गार हवेशी त्याचा संबंध इतकाच, की ती त्याला हवी असते आणि मिळत नाही.

गाडी 1970 ची फियाट, आमच्या नानाकाकांची. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे जन्माने पक्की मुंबईकर. इंजिन 1089 सीसीचं, अश्वशक्ती चाळिसाच्या आसपास, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. हिच्याच धाकट्या बहिणी 1974 पासून पद्मिनी म्हणून मिरवल्या आणि काळ्यापिवळ्या रंगात या शहराला वाहून नेऊ लागल्या. नाना गेल्यावर काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि किल्लीबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यातली जुन्या पंचाची एक चौकोनी घडी. "हे पंपाचं आहे. पुसायला घेऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, शोकात माणूस काहीही बोलतो.

महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही सातआठ जण आपापल्या म्हाताऱ्या घेऊन घाट चढायला जातो. काटेकोर बोलायचं तर आमच्यातली एकही गाडी व्हिंटेज नाही. जाणकारांच्या हिशोबाने साधारण 1919 ते 1930 मधली ती व्हिंटेज. आमच्या त्यानंतरच्या, त्यांना क्लासिक म्हणायचं. पण सोसायटीच्या वॉचमनपासून पेट्रोलपंपावरच्या पोरापर्यंत सगळे व्हिंटेजच म्हणतात आणि आम्हीही मान डोलावतो, कोण नाही म्हणेल? सरकारचा हिशोब आणखी निराळा. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षं ओलांडलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. नव्याने नोंदवायची तर 20,000 रुपये भरले की 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, आधीच नोंदलेलीचा जुना नंबर तसाच राहतो. मग मात्र ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची, रोजच्या वापराला नाही. मी अजून तो अर्ज भरलेला नाही. काकूंना मंगळवारी सिद्धिविनायकाला न्यायचं असतं, ते कुठल्या रॅलीत बसवू?

आमच्यात कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नाही, गाडीच्या नावाने मारायची. डुक्करवाले, हेराल्डवाले, बीटलवाला, अँबीवाल्या म्हणजे अँबॅसडरवाल्या वहिनी. डुक्करवाल्यांना त्यात काही वाटत नाही, कारण पन्नासच्या दशकातल्या फियाटला तिच्या पुढे आलेल्या नाकाडामुळे अवघा महाराष्ट्र डुक्कर फियाटच म्हणत आला आहे. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला आडवं होतं, मगरीने जबडा उघडावा तसं. त्यामुळे ती कुठेही बंद पडली तरी गर्दी तिच्याकडेच. बीटलवाल्याच्या इंजिनाला हवेनेच थंडावा मिळतो, रेडिएटर नावाची भानगडच नाही. आम्ही पाण्याचे कॅन भरत असतो तेव्हा तो हात खिशात घालून उभा असतो. हा माणूस मला मनापासून आवडत नाही.

पहाटे पाचला सायनला जमायचं, वाशीचा पूल उजाडायच्या आत ओलांडायचा, पनवेलला चहा, आणि तिथून एक्सप्रेसवेच्या नादी न लागता जुन्या रस्त्याने खोपोली. एक्सप्रेसवेवर मागून ताशी शंभराने येणाऱ्याला आमचा पन्नासाचा वेग हा व्यक्तिगत अपमान वाटतो. खोपोलीला वडापाव. तिथे गाड्या थंड करायच्या, असं आम्ही म्हणतो. आणि मग बोरघाट.

माझ्या लहानपणी घाट 'लागायचा'. आईच्या पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या आणि लिंबू, पुढे बसायला भावंडांची मारामारी, आणि पहिल्या वळणालाच कुणीतरी पांढरंफटक. आता माझी पुतणी नव्या गाडीत मोबाइलवर मान घालून लोणावळ्याला पोचते आणि विचारते, "काका, घाट गेला?" गेला गं बाई. तुझ्या बापाच्या गाडीने तो खाऊनच टाकला. फियाटमध्ये बसलं की मात्र तो परत आपल्या जागी उभा राहतो, 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात गाडीरस्ता झाला तेव्हा बैलांपुढे उभा राहिला असेल तसा. चढाची प्रत्येक पायरी पायाच्या तळव्याला कळते. तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही असं वाटलं की डोळे काट्याकडे जात नाहीत, कान इंजिनाकडे जातात. आवाज जड झाला की दुसरा. पहिला शक्यतो नाहीच. त्याला सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचे वेग जुळवून देणारी सोय, नाही, चालत्या गाडीत घालायला गेलं तर दाते असे करकरतात की मागच्या सीटवरचा माणूस उतरून चालायला लागावा.

परवाच्या खेपेला खोपोली सोडून वर आलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीने उचकी दिली. मग दुसरी. मग ॲक्सिलरेटर दाबला तरी नुसता सुस्कारा. कडेला घेतली, चाकामागे दगड लावला आणि बॉनेट उघडलं. मे महिना, सकाळचे साडेआठ. आत हात घालवत नव्हता.

होतं असं की चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतरखडत जाते, इंजिन जोरात फिरतं आणि समोरून वारा मात्र बेताचाच. ती धग ब्लॉकला चिकटलेल्या पंपाला लागते आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. टाकी अर्धी भरलेली आणि कार्ब्युरेटर कोरडा. याला व्हेपर लॉक म्हणतात. नव्या गाड्यांचा पंप टाकीतच पेट्रोलात बुडवलेला असतो आणि तिथूनच दाबाने ढकलतो, म्हणून त्यांना हा आजार सहसा होत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते जुन्या रबरी नळ्याही खातं. या विषयावर डुक्करवाले खोपोली ते खंडाळा न थांबता बोलू शकतात, आणि बोलले.

मी कप्प्यातून पंचाची घडी काढली, कॅनच्या पाण्यात बुडवली, अर्धवट पिळली आणि पंपावर ठेवली. चर्र आवाज झाला. पंचाच्या कडेने वाफेची एक बारीक रेघ वर गेली. थोड्या वेळाने परत पाणी, परत वाफ. माठ जे करतो तेच हे फडकं करतं. पाणी उडून जाताना धग घेऊन जातं. काकूंनी शोकात सांगितलेलं वाक्य हा भौतिकशास्त्राचा धडा होता, हे पहिल्यांदा कळलं तेव्हाही मी असाच या घाटात उभा होतो, फक्त त्या वेळी दोन तास, फडकं कप्प्यात ठेवून.

या वीस मिनिटांत काय काय घडतं पाहा. आमचे सगळे थांबले. वहिनींनी डिकीतून कोकम सरबत काढलं. एक ट्रकवाला उतरला, न विचारता आत डोकं घालून "पंप," एवढं म्हणून गेला. दोन मोटारसायकलवाल्यांनी फोटो काढले, आधी अर्थातच हेराल्डचे. एका आजोबांनी गाडी थांबवली, बॉनेटवर हात ठेवला आणि काही न बोलता परत जाऊन बसले. हे सगळं होईस्तोवर बीटलवाला कधीच वर पोचून फोन करत होता, "कुठे आहात?" घाटात आहोत बाबा. तू कुठे होतास?

फियाट सुरू झाली. शिंग्रोबाच्या देवळाशी वेग कमी करून खिडकीतून नाणं टाकलं. घाटाची वाट इंग्रजांना या धनगराने दाखवली आणि त्यांनी बक्षीस म्हणून त्याला गोळी घातली, असं सांगतात. एक्सप्रेसवेने जाणाऱ्यांना तो भेटतच नाही. नाना नाण्याबरोबर हॉर्नही वाजवायचे, मीही वाजवतो.

लोणावळ्यात काय केलं ते सांगण्यासारखं नाही. जेवलो, चिक्की घेतली, फिरलो परत. उतरताना मात्र सगळे गप्प. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाय ठेवून राहिलं तर ते तापतात आणि नेमके हवे तेव्हा हात वर करतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा नानांचा नियम.

घाट सुखरूप उतरवला आणि फियाट बंद पडली ती चेंबूरच्या सिग्नलला, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. मुंबईतला अर्धा तास बोरघाटाला भारी पडतो. बॉनेट उघडलं. पंचा कडक वाळलेला आणि पाण्याचा कॅन रिकामा. मागून हॉर्न सुरू. शेजारी काळीपिवळी उभी होती, नवी, एसीवाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला 2023 च्या ऑक्टोबरात निरोप दिला, तेव्हापासून हीच. काच खाली झाली. पिकल्या मिशांचा ड्रायव्हर बाहेर वाकला. आधी फियाटकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पंचाकडे.

"पंप?" त्याने विचारलं, आणि सीटखालून आपली प्यायच्या पाण्याची बाटली काढून खिडकीतून माझ्यापुढे धरली.