बर्गंडीची बाटली घेताना नक्की काय वाचायचं?

फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रदेशाचं नाव काढलं की वाइन पिणारे लोकसुद्धा जरा दबकतात, पण द्राक्षं म्हणाल तर मुख्य फक्त दोनच, रेड असेल तर पिनो न्वार आणि व्हाइट असेल तर शार्दोने. (गामे आणि अलिगोते पण आहेत, ती सध्या बाजूला ठेवू.) मग घोळ कुठे होतो, तर लेबलवर द्राक्षाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, तिथे असतं जमिनीचं नाव, आणि ती जमीन कुठली कशी हे माहीत नसेल तर लेबलवरून काहीच बोध होत नाही.

म्हणून आधी नकाशा बघा. दिजों शहराच्या खालून दक्षिणेला साधारण ५० किलोमीटर एक डोंगरउतार जातो, त्याला कोत दॉर म्हणतात. त्यातला उत्तरेकडचा भाग कोत द न्वी, तिथे जवळपास सगळी रेड, आणि दक्षिणेकडचा कोत द बोन, तिथे रेड पण भरपूर होते पण जगातल्या सगळ्यात भारी व्हाइट तिथल्याच. हा उतार बराचसा पूर्वेकडे तोंड करून आहे म्हणजे सकाळचं ऊन थेट वेलींवर पडतं. अगदी वर माती पातळ आणि गारवा जास्त, अगदी खाली माती जाड आणि पाणी धरून ठेवणारी, आणि मधला जो पट्टा आहे तिथे चुनखडी, निचरा, ऊन सगळं जमून येतं. ग्रां क्र्यू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे मळे, बहुतेक या मधल्या पट्ट्यातच आहेत. त्याच्या खाली प्रमिए क्र्यू, मग गावाच्या नावाची वाइन, आणि सगळ्यात खाली नुसतं बूर्गोन्य, म्हणजे बर्गंडीचंच फ्रेंच नाव. एवढ्या चार पायऱ्या लक्षात ठेवल्या तरी खूप झालं.

आता लेबल. 'शांबर्तां' असं एकटंच नाव दिसलं तर तो ग्रां क्र्यू, पण 'झव्रे-शांबर्तां' दिसलं तर ती गावाची वाइन, दोन पायऱ्या खाली. गावाचं मूळ नाव नुसतं झव्रे, १८४७ साली त्यांनी आपल्या सगळ्यात नावाजलेल्या मळ्याचं नाव गावाला जोडून घेतलं, नंतर आजूबाजूच्या इतर गावांनीही तेच केलं आणि तेव्हापासून नवीन माणूस हमखास फसतो. गावाचं नाव, पुढे प्रमिए क्र्यू आणि मळ्याचं नाव असेल तर ती मधली पायरी.

पण खरी मजा, आणि खरी अडचण, पुढे आहे. क्लो द वूजो बघा. सितो मठाच्या साधूंनी लावलेला, चारी बाजूंनी दगडी भिंत घातलेला साधारण ५० हेक्टरचा एकच मळा, आणि सगळाच्या सगळा ग्रां क्र्यू. फ्रेंच क्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, त्यात हाही गेला, १८८९ पासून याचे तुकडे पडायला लागले, वारसाहक्काच्या वाटण्या होत गेल्या आणि आज भिंतीच्या आत ८० च्या आसपास मालक आहेत! कोणाच्या चार ओळी वर, कोणाच्या अगदी खाली मेन रोडला लागून, जिथे पाऊस झाला की ओल हटत नाही. लेबलवर मळ्याचं नाव आणि दर्जा मात्र सगळ्यांचा सारखाच. उलट झव्रेमधला क्लो सां-जाक घ्या, दर्जाने प्रमिए क्र्यू, मालक फक्त पाच, आणि पट्टे असे पाडलेत की प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत सगळा उतार मिळतो. क्लो सां-जाकची बाटली मी डोळे झाकून निवडेन, वूजोची घेताना मात्र बनवणारा कोण हे दहा वेळा बघेन.

म्हणून माझं ठाम मत आहे की बर्गंडीत सगळ्यात आधी वाचायचं ते उत्पादकाचं नाव, मग गाव, आणि ग्रां क्र्यू वगैरे सगळ्यात शेवटी. चांगल्या हाताचं साधं बूर्गोन्य हे आळशी हाताच्या ग्रां क्र्यूपेक्षा प्यायला जास्त आनंद देतं, आणि दोन्हींच्या किमतीत तर जमीन अस्मानाचा फरक असतो.

सुरुवात करायची तर एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या, दोन गावांच्या बाटल्या घ्या, एक झव्रे-शांबर्तां आणि एक शांबोल-म्युझिनी, आणि दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवा. रंग दोन्हींचा फिकाच वाटेल, पिनोची साल पातळ असते, त्यावरून वाइन कमकुवत आहे असं अजिबात समजू नका. शांबोलला बहुतेक वेळा फुलांचा वास पुढे येतो आणि घोट मऊ लागतो, झव्रे जरा दणकट, हिरड्यांवर किंचित खरखरीत, मातकट. द्राक्ष तेच, हात तोच, मध्ये अंतर फक्त काही किलोमीटर. घाईघाईत संपवू नका, तासाभराने परत वास घ्या, तोपर्यंत दोन्ही बदललेल्या असतात. व्हाइट आवडत असेल तर हेच शाब्ली आणि मर्सो या बर्गंडीतल्याच दोन ठिकाणांचं करा, दोन्ही शार्दोने, पण शाब्ली बरंच उत्तरेला, गार हवेतलं, तिथल्या चुनखडीत शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात आणि वाइन एकदम धारदार लागते, मर्सो त्यामानाने भरदार, लोण्यासारखी.