ही ऊर्जा कोणाची?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा वाटलं, स्नेहसंमेलन किंवा सहलीतलं काहीतरी आठवेल. आठवलं ते एक गणित, आणि तेही माझं चुकलेलं.

बारावीचा वर्ग, भौतिकशास्त्राचा तास. सरांनी फळ्यावर दोन गोळे काढले. दोघांवर प्रत्येकी १ मायक्रोकूलॉम धन विद्युत प्रभार, म्हणजे दोघे एकमेकांना ढकलणारे; एकाचं वस्तुमान १ ग्रॅम, दुसऱ्याचं ४ ग्रॅम, मधलं अंतर १० सेंटीमीटर. "घर्षण नाही, गुरुत्व नाही, आसपास तिसरं काही नाही. दोघांना धरून ठेवलंय. आता सोडले. फार फार लांब गेल्यावर कोणाचा वेग किती?"

माझा हात वहीवर भराभर चालायला लागला. दोन प्रभारांमधलं बल सांगणारा कूलॉमचा नियम लावला, बल आलं ०.९ न्यूटन. हलक्या गोळ्याचं त्वरण ९०० मीटर प्रति सेकंद वर्ग. मग गतीचं पाठ केलेलं समीकरण: वेगाचा वर्ग बरोबर दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. अंतर किती? फार फार लांब, म्हणजे अनंत. मग वेगही अनंत! तसं लिहून खाली दोन रेघासुद्धा मारल्या.

सरांनी वही पाहिली. रागावले नाहीत, फक्त विचारलं, "गोळे २० सेंटीमीटरवर गेले की बल किती उरतं?" पाव. ४० वर? सोळावा हिस्सा. माझं त्वरण पहिल्या क्षणाचं होतं आणि मी ते शेवटपर्यंत पुरवून वापरत होतो. ते समीकरण त्वरण स्थिर असेल तरच चालतं, हे पुस्तकात छापलेलं होतं. पण आम्ही समीकरणं पाठ करायचो, अटी कोण पाठ करतो?

"वाटेत काय झालं ते विचारूच नका," सर म्हणाले. "निघताना ऊर्जा किती होती, पोहोचल्यावर किती, तेवढंच पाहा." निघताना दोघे स्थिर, म्हणजे सगळी ऊर्जा स्थितिज, जागेमुळे साठलेली. दोन प्रभारांचा गुणाकार, त्याला कूलॉमच्या स्थिरांकानं गुणायचं आणि अंतरानं भागायचं. अंतराच्या वर्गानं नव्हे, नुसत्या अंतरानं. उत्तर ०.०९ ज्यूल. लांब गेल्यावर ही स्थितिज ऊर्जा शून्याला टेकते, म्हणजे तेवढीच गतिज, वेगातली, व्हायला हवी.

इथे मी दुसऱ्यांदा पडलो. सरांनी विचारलं, "ही ऊर्जा कोणाची?" मी ठणकावून सांगितलं, "दोघांची, सर. प्रत्येकी ०.०९."

"म्हणजे झाली ०.१८. वरची ०.०९ कुठून आणलीस?"

वर्ग हसला. मला मात्र ते हसू पुरतं ऐकूही आलं नाही, कारण डोक्यात काहीतरी हललं होतं. तोवर ऊर्जा ही वस्तूच्या पोटात असते, असंच मी धरून चाललो होतो. ही ऊर्जा ना या गोळ्याची, ना त्या गोळ्याची. ती जोडीची होती, आणि एकदाच मोजायची होती.

वाटणी कशी करायची ते संवेगानं, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यानं, सांगितलं. सुरुवातीला एकूण संवेग शून्य, म्हणून शेवटीही शून्य. चौपट जड गोळ्याचा वेग चौथाई. समीकरण सोडवलं आणि आकडे असे सुबक आले की सरांनी मुद्दाम निवडले असणार: हलका सेकंदाला १२ मीटर, जड ३ मीटर. ऊर्जेत हलक्याचा वाटा ०.०७२, जडाचा जेमतेम ०.०१८. बल दोघांवर सारखंच, मग हा पक्षपात का? कारण तेवढ्याच वेळात हलका चौपट अंतर कापतो, म्हणून त्याच्यावर होणारं कार्यही चौपट.

पुढे कॉलेजात युरेनियमच्या विखंडनाबद्दल वाचलं. १९३८ च्या डिसेंबरात लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता: केंद्रक दुभंगलं की दोन धनप्रभारित तुकडे एकमेकांना ढकलत सुटणार, तर त्यांची गतिज ऊर्जा किती? सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप). आणि वस्तुमानात येणाऱ्या तुटीवरून काढलेली ऊर्जाही तेवढीच भरली. ते पान वाचताना मला फळ्यावरचे दोन गोळे दिसत होते. त्यातही हलका तुकडाच जास्त ऊर्जा घेऊन पळतो.

पण खरी गंमत पुढच्या तासाला होती. आता तीन गोळे, प्रत्येकी १ ग्रॅम, प्रभार तेवढाच, १० सेंटीमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर. जोड्या तीन, म्हणून ऊर्जा ०.२७ ज्यूल. एकदम सोडले तर प्रत्येकाला ०.०९, वेग साधारण १३.४ मीटर प्रति सेकंद. या वेळी माझं बरोबर आलं.

"आता एकेक सोडा. बाकीचे धरून ठेवायचे."

पहिला दोन जोड्यांची ऊर्जा घेऊन गेला, ०.१८ ज्यूल, वेग जवळजवळ १९. दुसऱ्याला उरलेल्या जोडीची ०.०९. मी बेरीज केली, ०.२७ संपले होते.

"सर, तिसऱ्याला काहीच नाही?"

"सोडून बघ."

"सोडला."

"गेला?"

"नाही, सर."

"कसा जाईल? ढकलायला आहे कोण?" आणि तास संपल्याची घंटा झाली. फळा पुसताना सरांनी दोन गोळे पुसले, तिसरा तसाच ठेवला.