वद्य पंचमीची भरती

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रो-रो बोट सुटली तेव्हा खिशातलं कॅलेंडरचं पान मी पुन्हा एकदा पाहिलं. कार्तिक वद्य पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास रेवदंड्याची खाडी भरणार आणि पाणी फिरणार. तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. घड्याळाचा काटा थोडा इकडेतिकडे होतो, पण फार नाही. हा हिशेब मला ज्यानं शिकवला, तो माझा मित्र गेल्यावर पहिल्यांदाच मी त्याच्या गावी निघालो होतो.

तो गेला ऐन पावसात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्याची होडी वल्ह्याची, तिला ही बंदी नव्हती, पण उधाणलेल्या खाडीत तो कधी गेला नाही. तीही वर ओढून झापांनी शाकारलेली होती. झोपेत गेला. मला कळलं दोन दिवसांनी. तेव्हा रेवदंड्याला पोचायला हवं होतं आणि मी पोचलो नाही. घरात आजारपण होतं, हे खरं. पण ते कारण वहिनींना फोनवर सांगताना माझं मलाच अपुरं वाटत होतं.

मांडव्याला उतरून अलिबाग, तिथून एसटीनं नागाव, चौल करत रेवदंडा. अंतर सतरा-अठरा किलोमीटर, पण नारळी-पोफळीच्या वाड्यांतून गाडी रमतगमत जाते. मग अचानक दोन्ही बाजूंना काळ्या दगडाची पडकी तटबंदी येते आणि गाडी किल्ल्यात शिरते. १७४० साली मराठ्यांकडे आलेला हा पोर्तुगीजांचा किल्ला. लोक इथे सातखणी मनोरा बघायला थांबतात, आणि थांबावंच. मी मात्र पंधरा वर्षांत तो दोनदाच धड पाहिलाय. माझं रेवदंडा तटबंदीच्या पलीकडे सुरू व्हायचं, जिथे कुंडलिका समुद्राला मिळते, समोर कोर्लईचा डोंगर पाण्यात घुसलेला दिसतो आणि आत साळावचा पूल.

त्या पुलाखालीच आमची ओळख झाली. मी काठावरून महागडी काठी आणि रीळ घेऊन सकाळपासून गळ फेकत होतो. तो होडीतून जवळ आला, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “पानी चरतंय आजून. आता कशाला दमतंस? घरी चल, च्या पी.” मी गेलो. चहा झाला, भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी झाली. पाणी फिरायच्या आधी पाऊण तास त्यानं मला होडीत बसवलं. त्या दिवशी मी आयुष्यातला पहिला जिताडा धरला.

जिताडा हा रायगडचा अभिमान. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, लोक त्याची पिल्लं खाडीतून आणून शेततळ्यात वाढवतात आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. माझ्या मित्राला तळ्यातला जिताडा मान्यच नव्हता. भरती-ओहोटीशी झगडलेल्या माशाच्या मांसाला जी चव, ती तळ्यात कुठून येणार, असं तो म्हणायचा. मलाही ते पटतं. त्याचं सगळं सामान म्हणजे लाकडी पट्टीवर गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचा तुकडा आणि एक गळ. आमिषाला जिवंत कोळंबी, ती तो स्वतः पाग, म्हणजे फेकजाळं, टाकून काढायचा. दोरा तर्जनीवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. शेंगाळा कसा हिसडे देतो, खेकडा कसा कुरतडतो, जिताडा एकदाच कसा ‘टक्’ करून ओढतो, हे त्याला बोटावर कळायचं.

फार मोठा जिताडा लागला तर तो सोडून द्यायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलोच. सहज आठ किलोचा असेल, अलिबागच्या बाजारात त्याचे किती आले असते! तो शांतपणे गळ सोडवत म्हणाला, “आवस हाय ती. जाऊ दे.” आवस म्हणजे आई. पुढे कधीतरी माझ्या वाचनात आलं की जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, वाढल्यावर, मादी होतो. म्हणजे मोठे मासे बहुतेक माद्याच. मी मोठ्या उत्साहानं त्याला हे सांगितलं. तो हसला. “मंग मी काय सांगत व्हतो?”

वहिनींनी दारातच पाणी दिलं. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग त्या आतून ती लाकडी पट्टी घेऊन आल्या. तंगूस नीट गुंडाळलेला होता, गळ बुचात खोचलेला. “तुमी न्या,” म्हणाल्या. मी हात पुढे केला नाही. मुलगा समोरच उभा होता. तो कंपनीत नोकरीला, पाळ्यांची ड्युटी, होडी त्याच्यानं रोज होत नाही. पण आज त्यानं सुट्टी घेतली होती. मी म्हटलं, आधी खाडीत जाऊन येऊ.

अडीचला निघालो. पुलाच्या आत गेल्यावर मुलगा थांबला. “काका, बाबा नेमका कुठं नांगर टाकायचा?”

मी क्षणभर गप्प झालो. याला ठाऊक नाही? मग लक्षात आलं, त्याच्या शाळा-कॉलेजच्या वर्षांत होडीत समोरच्या फळीवर मी बसत होतो. सुट्टीच्या दिवशी त्यानं अभ्यास करावा असं बापाला वाटायचं, म्हणून तो घरी असायचा आणि मी पाण्यावर. त्या घरातली एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली होती.

मी त्याला खुणा दाखवल्या. कोर्लईच्या डोंगराचं टोक पुलाच्या खांबाआड जाईपर्यंत मागे यायचं. मग रेवदंड्याच्या बाजूचा एकटा ताड आणि जेटीचा कोपरा एका रेषेत येईपर्यंत आडवं सरकायचं. या दोन्ही खुणा जुळल्या की खाली खडप, म्हणजे पाण्यातला खडक, लागतं, आणि खडपाच्या आडोशाला मासा. कोणता खांब, ते इथे लिहीत नाही. ते त्या घराचं आहे. पोरानं दोनदा होडी वल्हवत मागे नेली आणि माझ्या मदतीशिवाय जागा पकडली. शिसं टाकलं तर तळाला खणकन लागलं.

पट्टी मी त्याच्याच हातात दिली. आधी दोन शेंगाळे आले, त्यांचा विषारी काटा सांभाळत सोडवले. मग काहीच नाही. तिवरांवरून एक ब्राह्मणी घार दोनदा फिरून गेली. पाणी वर येता येता जड झालं, होडीचा दोर सैल पडला. ती शांत वेळ आली की माझा मित्र बिडी विझवायचा. पोरगा तर्जनीवर दोरा ठेवून बसला होता. डोळे मिटायला मी त्याला सांगितलं नव्हतं.

मग होडी हळूहळू नांगराभोवती उलटी वळली. त्यानंतर दहाएक मिनिटांनी दोरा एकदाच ताणला गेला.

पावणेदोन किलोचा असेल. रुपेरी, पाठीवर हिरवट काळा, डोळे सोनेरी. पोराचं बोट तंगूसानं कापलं होतं, ते त्याला घरी पोचेपर्यंत कळलंही नाही.

दिवेलागण झाली होती. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. नवरा होडीवरून आला की त्या किती मिळालं, कोणतं मिळालं असं कधीच विचारत नसत. मासा हातात घ्यायच्या आणि एकच विचारायच्या. मी ते पंधरा वर्षं ऐकत आलोय.

त्यांनी मासा पोराच्या हातातून घेतला, त्याच्या कल्ल्यांखाली बोट घालून पाहिलं.

“पानी कवा फिरलं?”

“चारला पाच कमी व्हती, आये.”