हायड्रॉलिक सिलिंडर कोडमधे लिहिला : माझा अनुभव

मी बेळगावात उद्यमबागला हायड्रॉलिक सिलिंडरच्या एका छोट्या युनिटमधे डिझाइन बघतो. ऑर्डरी सगळ्या सारख्याच, 63 मिमी बोअरचा (आतला व्यास) 80 होतो, स्ट्रोक (रॉडची धाव) बदलतो, मशीनला बसवायला कुणाला मागं क्लेव्हिस (पिनेचा काटा) पाहिजे कुणाला ट्रनियन (दोन्ही बाजूंच्या खुंट्या), आणि तेवढ्यासाठी जुनं ड्रॉइंग कॉपी करून आकडे बदलत बसायचं. म्हटलं फ्रीकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पायथॉन भाषेतला कोड चालतो, तर सिलिंडरच कोडमधे लिहूया.

कोड तसा सोपा. आपला क्लास (पार्टचा कोडमधला साचा) लिहायचा, बोअर-स्ट्रोक प्रॉपर्टी द्यायच्या आणि एक्झिक्यूट नावाची मेथड, आकडा बदलून रिकम्प्यूट केलं की ती चालते आणि पार्ट नवा होतो. डोकं खाल्लं ते कुठली माहिती कुणाकडं ठेवायची यानं. आता पिस्टनवरचा सीलचा (तेल अडवणारी रिंग) ग्रूव्ह, म्हणजे खाचच घ्या. कापतात पिस्टनवर, पण माप ठरवतं कोण, तर सील! म्हणून रुंदी-खोली सीलच्या क्लासमधे ठेवली, पिस्टन फक्त विचारतो आणि कापतो, सीलचा टाइप बदलला तरी पिस्टनच्या कोडला हात लावायचं काम नाही.

इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढणं, मी मुद्दाम कमी ठेवलं. वेल्डेड बॉडी, टायरॉड (लांब बोल्टांनी आवळलेली) बॉडी, मग वेल्डेड-क्लेव्हिस, वेल्डेड-ट्रनियन अशी पोरं-नातवंडं वाढवत गेलं तर 2 बॉडी आणि 4 माउंटिंगचे 8 क्लास, कुशनिंग (स्ट्रोकच्या शेवटी धक्का कमी करणं) आलं की 16, कोण सांभाळणार? त्यापेक्षा माउंटिंग वेगळा ऑब्जेक्ट, पाहिजे तो सिलिंडरला जोडायचा. बंद लांबी (रॉड पूर्ण आत असतानाची) काढताना सिलिंडर एकेका पार्टला विचारतो तू किती जागा खातोस, त्यात स्ट्रोक मिळवतो, झालं.

पार्टचा फेस (एखादी बाजू) धरून त्यावर स्केच लावणं पण टाळलं, आकार बदलला की फेसचे नंबर सरकतात. फ्रीकॅडच्या 2024 च्या 1.0 व्हर्जनमधे ते बरंच सुधारलंय, तरी मी सगळं मापावरूनच काढतो.

लेथवरचे मामा येऊन विचारायचे, "काय करूलालास रे, ड्रॉइंग कुठाय?" त्यांना क्लासबिसशी देणंघेणं नाही, टॉलरन्स (माप किती इकडंतिकडं चालेल) पाहिजे. मग बोअरला एच8, रॉडला एफ7 हे टॉलरन्सचे ग्रेडपण त्या त्या पार्टमधेच टाकलं. 63 बोअरला 160 बारवर साधारण 5 टन जोर येतो, तोही सिलिंडरच सांगतो. ट्यूबची जाडी मात्र मी अजून स्वतः ठरवतो, कारण हिशोबात काहीही येऊदे, होन्ड (आतून घासून गुळगुळीत केलेली) ट्यूब डीलरकडं असेल त्याच मापाची घ्यावी लागते.