वेस्टपोर्टला नवख्याला सॅमन धरायला नेताना

मासेमारीला नेणाऱ्या बोटीत जागा ठरवताना फोनवर कोणी ‘सगळं पॅकेजमध्ये आलं’ म्हणालं, तर सगळं म्हणजे काय ते लेखी मागा. वॉशिंग्टन राज्यातल्या वेस्टपोर्टहून भाच्याला पहिल्यांदा समुद्रातला सॅमन धरायला नेलं, तेव्हा त्या ‘सगळ्यात’ फक्त बोटीतली जागा, रॉड आणि आमिष होतं. लायसन्स वेगळं, मासा साफ करून फिले, म्हणजे बिनकाट्याचे तुकडे, काढायचे वेगळे, बर्फ वेगळा. लेखी देत नसतील तर सरळ दुसरी बोट बघा. डेकवरच्या पोराच्या टीपला मात्र हात आखडू नका, तो राबतो.

पैशांपेक्षा वाईट फसवणूक बारची. वेस्टपोर्ट ज्या खाडीवर आहे त्या ग्रेज हार्बरच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे, तोच बार. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट समोरून येते आणि तिथे लाटा आखूड, उभ्या होतात. आम्हाला सांगितलं होतं, ‘थोडं हलेल.’ बोट आपटत होती. भाच्याने दोन्ही हातांनी रेलिंग धरलेलं, ओठ पांढरे. “मामा, परत फिरवतील का?” नाही फिरवत. एकाला बोट लागली, मळमळायला लागलं, म्हणून ती मागे येत नाही. त्यामुळे मळमळीची गोळी आदल्या रात्रीच द्या; बोट लागल्यावर ती पोटात टिकत नाही. केबिनमध्ये जाऊ देऊ नका. मागच्या बाजूला, मधोमध, नजर क्षितिजावर. कोस्ट गार्डचा बारचा अहवाल आणि भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा. जोराची ओहोटी निघायच्या वेळेलाच असेल तर नवख्याला घेऊन जाऊ नका, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील.

बाहेर खोल पाण्यात निवांत होतं.

सॅमन पळाला की पळू द्यायचा, रीळ फिरवायचं नाही, रॉडचं टोक वर. गळाला उलटा काटा नसतो, तिथला नियमच आहे. दोरी क्षणभर सैल पडली की मासा गेला. भाच्याचा पहिला तसाच गेला, अगदी बोटीपाशी येऊन. जाळ्यात घेण्याआधी पाठीवर, शेपटीच्या अलीकडचा बारका मांसल पर बघा. कोहो (सॅमनची एक जात) असेल आणि तो पर शाबूत असेल तर मासा रानटी; पैदास केंद्रातल्या माशांचा तो कापलेला असतो. त्याला बोटीवर न घेता पाण्यातच सोडायचं. चिनूक या दुसऱ्या जातीच्या सॅमनच्या हिरड्या दातांच्या मुळाशी काळ्या असतात आणि शेपटीच्या वरच्या-खालच्या दोन्ही भागांवर ठिपके असतात. ठेवायचा मासा आत आला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या, मग बर्फात.

भाच्याचा चिनूक जाळ्यात आला तेव्हा ओरडून माझा घसा बसला. त्या आनंदात सांगतो, जरूर जा. पण ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोटीवर चढवू नका. वेस्टपोर्टच्या धक्क्यावरून खेकडे धरता येतात, त्याला तिथे बसवा.